माझ्या अक्षरातली हत्यारं

जुनी हत्यारं गोळा करायला जन्म जातो. किस्से मात्र आपोआप गोळा होतात! घरात एक तलवार आली की तिच्यामागोमाग तीन किस्से येतात. तलवारीचा कंटाळा आला तर ती कुणाला तरी देऊन टाकता येते. किस्से कोण घेणार? ते आपल्याच डोक्यावर बसतात.

आमचा ग्रुप चौघांचा. बापट आयुष्यभर कारखान्यात लेथवर होते, हात सोन्याचा आणि जीभ करवतीची. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. निखिल हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, मूळचा यवतमाळचा. आणि मी शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेला. दर रविवारी सकाळी आम्ही वारज्यात माझ्या फ्लॅटवर जमतो. माझी बायको त्याला ‘भंगार मंडळ’ म्हणते.

चौघांत हत्यारांतलं सगळ्यात कमी कळतं ते मला. पण अक्षर माझं चांगलं! त्यामुळे प्रत्येक हत्याराखाली माहितीचं जे कार्ड लागतं, ते लिहायचं काम माझ्याकडे. घोळ सगळा इथेच आहे. लोक हत्यार बघतच नाहीत हो, कार्ड वाचतात! आणि अर्धं कोरं कार्ड मला बघवत नाही. कागद मोकळा सोडू नका, असं पोरांना ओरडण्यात अख्खी नोकरी सरली. मग मी भरतो. मनाला येईल ते भरतो.

मित्रांत हे किस्से सांगताना सगळ्यात आधी मीच हसतो. सगळे गेल्यावर मात्र लाज वाटते. खरंच वाटते.

*

माझ्या जुन्या शाळेच्या मागे एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे मला एक लोखंडी गोळा सापडला. गंजलेला, जड, चांगला तळहात भरून बसणारा. मी हरखलोच! घरी आणून लगेच कार्ड लिहिलं, ‘तोफगोळा. पुण्याजवळच्या एका वेढ्यात वापरलेला.’ कुठला वेढा? ते ज्याचं त्यानं ठरवावं!

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही प्रदर्शन मांडलं. मुलं रांगेनं आली, गोळ्याला हात लावून गेली. एका मुलीनं तर चप्पल काढून नमस्कार केला.

मग आमचे पीटीचे जगदाळे सर आले. त्यांनी कार्ड वाचलं, मान डोलावली, गोळा उचलला आणि सवयीनं हनुवटीखाली मानेशी टेकवला. तसेच क्षणभर डोळे मिटून उभे राहिले.

"सर, हा आपला," ते म्हणाले. "गोळाफेकीचा. मुलींचा मोठा गट. गंजाखाली पांढऱ्या रंगात ‘क्रीडा विभाग’ असेल, बघा."

मी अंगठ्यानं गंज खरवडला. होतं!

जगदाळे सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्षर तुमचंच आहे, सर!"

*

डॉक्टरांना गंज काढायचा भारी नाद. दातांवरचं कीटण काढायची जी आकडी असते, तिनं ते कट्यारीच्या मुठीतली नक्षी साफ करतात. दोन पेशंटच्या मध्ये वेळ मिळाला की तेवढंच!

माझ्या व्याह्यांची दाढ दुखत होती. सूनबाईचे वडील, सदाशिव पेठेतले, माणूस मोजकं बोलणारा. मीच म्हटलं, "आमच्या डॉक्टरांकडे जा, हात अगदी हलका आहे."

व्याही खुर्चीत आडवे झाले. इंजेक्शन घेऊन डोळे मिटून पडले. डॉक्टर आत गेले, विसरभोळेपणानं भलताच ट्रे उचलला आणि तोंडाला मास्क लावून बाहेर आले. व्याह्यांनी डोळे उघडले तर समोर वीतभर पात्याची कट्यार! शेजारी माझ्या सुवाच्य अक्षरातलं कार्ड. ‘ही अनेकांच्या रक्ताला चटावलेली आहे.’

व्याह्यांनी शांतपणे कार्ड वाचलं. मग बधिर जिभेनं विचारलं, "आम्ही मुलीकडचे, म्हणून का?"

दाढ त्यांनी दुसरीकडे काढली. नातवाच्या बारशाला शेजारी बसून जेवले, पण माझ्याकडे वळून एकदाही बघितलं नाही. मीही ताटातून मान वर केली नाही.

*

निखिलनं एक तलवार आणली होती आणि मला विचारलं होतं, "सर, ओरिजनल आहे ना?" मी चष्मा काढला, लावला, पात्यावर नख वाजवलं आणि म्हणालो, "शंकाच नको!" नख वाजवून काय कळतं? काही नाही. पण दिसायला बरं दिसतं!

बिचारा इतका खूश झाला की दसऱ्याला कंपनीत मित्रांना दाखवायला घेऊन गेला. म्हणजे कंपनीच्या बसमधून, योगा मॅटमध्ये गुंडाळून! गेटवर बॅग स्कॅनरमध्ये टाकली आणि स्क्रीनवर अख्खी तलवार. सायरनच वाजला म्हणे. मागच्या दोन बसमधली माणसं उन्हात उभी. एचआरवाली मॅडम धावत आली. निखिल सगळ्यांना माझं कार्ड दाखवतोय, "मॅम, ॲन्टिक आहे, सरांनी सर्टिफाय केलंय!"

सिक्युरिटीला एक रिटायर्ड हवालदार होते. त्यांनी तलवार हातात घेतली, बोटावर तोलली आणि परत दिली.

"जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "हत्यार नाही हे. वरातीत घोड्यावर बसताना नवरदेवाच्या हातात देतात ती आहे."

सगळं ऑफिस ऐकत होतं. संध्याकाळी निखिलचा फोन आला. मला वाटलं पोरगं चिडेल. तर म्हणतो कसा, "जाऊ द्या ना सर, तुम्ही काहून टेन्शन घेता? माझं लग्न व्हायचंच आहे अजून!" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले. भिंतीवरची ठासणीची बंदूक बघून थांबले. कागदपत्रं मी ठेवलेलीच असतात, ती बघितली. बंदुकीची नळी शिसं ओतून बंद केलेली, तेही बघितलं. सगळं ठीक.

जाता जाता त्यांची नजर कार्डावर गेली. मोठ्यानं वाचायला लागले. "‘या बंदुकीने एकाच दिवसात सात जणांचा वेध घेतला.’ सात?"

"हो," मी म्हटलं.

"नावं?"

"कुणाची?"

"मयतांची!"

ते वही उघडून, पेन धरून, चेहरा अगदी सरळ ठेवून उभे. शेवटी म्हणाले, "बरं, सातच कसे? सहा का नाहीत?"

खरं सांगू? लिहिताना मीही तोच विचार केला होता. सहा कमी वाटत होते आणि आठ कुणाला पटले नसते!

आतून बायको म्हणाली, "अहो, त्यांना तुम्हाला घेऊन जायचं असेल तर नेऊ दे, पण आधी भाजी आणून द्या."

*

आता हा शेवटचा. हा मी रविवारी सांगत नाही.

वाघोलीच्या एका कॉलेजात आमचं प्रदर्शन होतं. एक तलवार होती. अस्सल, जुनी, उत्तम पोलादाची. बापटांच्या जिवाची. पण कुणाची, कुठली, काहीच माहिती नाही. त्या सकाळी आमच्याकडे गॅसची शेगडी दुरुस्त करायला दरेकर नावाचा माणूस आला होता. मी लिहून टाकलं, ‘सुभानजी दरेकर यांची तलवार. साथीदार मागे फिरल्यावरही यांनी नदीचा उतार एकट्याने रोखून धरला.’

आठवड्याभरानं माझ्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरं धोतर, काखेत गुंडाळलेलं घोंगडं. वाघोलीच्या पुढच्या एका गावातले किसन दरेकर. गावात सगळे आबा म्हणतात. कुणीतरी त्यांना माझ्या कार्डाचा फोटो मोबाइलवर दाखवला होता.

त्यांनी घोंगडं सोडलं. आत तलवारीचं म्यान. नुसतंच म्यान, रिकामं.

"आमच्या वाडवडलातला एक जण लढाईतनं पळाला, सर," आबा म्हणाले. "तलवार टाकून पळाला. निस्तं म्यान घिऊन घरी आला. तवापास्नं खंडेनवमीला देवळात समद्यांची हत्यारं पूजंला लागत्यात, अन् दरेकरांनी हे रिकामं म्यान ठिवायचं, समद्यांच्या शेवटी. पोरं हसत्यात. माझा बाप गेला, आजा गेला हे ठिवून ठिवून. आता माझं बी वय झालं."

मग ते माझ्या पायांकडे वाकायला लागले. मी मागे सरकलो.

"तुमच्या कारडावर लिवलंय, त्यो पळाला न्हाय. एक दिस द्या सर ती तलवार. निस्ता खंडेनवमीचा दिस."

मला तिथेच सांगायला हवं होतं. आबा, ते नाव माझ्या शेगडीवाल्याचं आहे. एवढंच वाक्य! ओठांवर आलं होतं. पण समोर तो माणूस रिकामं म्यान मांडीवर घेऊन दिवाणावर बसलेला, शेजारी प्रदर्शनाहून आणलेली ती तलवार. मी म्हणालो, "चहा टाकतो." बायको घरात नव्हती. आत गेलो, ओट्याशी उभा राहून स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. बाहेर आलो आणि म्हणालो, "देऊ की. आम्हीच घेऊन येऊ."

आबा म्हणाले, "मंग म्यान बी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. दोनी संगंच आना."

ते गेल्यावर मी दिवाणावरची तलवार घेतली आणि म्यानात घातली. जाईना. चार बोटं बाहेरच राहिली. राहणारच! त्या म्यानाची नव्हतीच ती.

रविवारी मी तिघांना सगळं सांगितलं. बापट म्हणाले, "मास्तर, त्या म्हाताऱ्याला फोन लावा आणि खरं सांगा."

मी फोन हातात घेतला. नंबर काढला. नाही लावला.

"मग?" बापटांनी विचारलं.

मी तलवार आणि म्यान त्यांच्यापुढे ठेवलं. ते काय समजायचं ते समजले. जुन्या पात्याला साधा पॉलिश पेपर लावला तर दोन महिने अबोला धरणारा माणूस! दोन्ही वस्तू घेऊन गेले. मी मागोमाग त्यांच्या घरच्या वर्कशॉपमध्ये गेलो, पण ग्राइंडर सुरू झाला तेव्हा बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. त्यांनी टोक चार बोटं कापलं, नवं टोक काढलं, कडेनं थोडं घासलं. परत देताना माझ्याकडे बघितलं नाही. "बसतेय आता," एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला आम्ही चौघंही गेलो. भैरवनाथाचं देऊळ, माणसांनी भरलेलं. पाटावर तलवारी, भाले, कोयते, झेंडूची फुलं. एकेका घराण्याचं नाव पुकारत होते. शेवटी नाव आलं, "दरेकर!" मागे पोरं फिदीफिदी हसली.

आबा पुढे आले. एका हातात तलवार, एका हातात म्यान. सगळ्या गावाकडे तोंड करून त्यांनी तलवार म्यानात घातली. सर्रकन गेली, अगदी मुठीपर्यंत.

हसणं थांबलं. कुणीतरी ओरडलं, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" आणि सगळं देऊळ ओरडलं. आबांच्या सुनेनं तलवारीला हळदकुंकू वाहिलं, तिला रडू आवरेना. सरपंचांनी मला पुढे ओढून फेटा बांधला. माइकवर म्हणाले, "संशोधक सरांनी आपल्या गावाचे डोळे उघडले!" टाळ्या! बापट देवळाच्या फरशीकडे बघत होते. मला तो फेटा उतरवून पळत सुटावंसं वाटत होतं.

मग पंगत बसली. माझ्यापुढे वाढायला आबा स्वतः आले. पत्रावळीवर लापशी वाढली, वर तूप सोडलं. मी मान खाली घालून बसलो होतो. ते जरा वाकले आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "सर, तुमी च्या टाकाया आत गेलता ना, तवा म्या ती घालून बगितली हुती. चार बोटं भाईर ऱ्हात हुती."

आणि माझ्या पत्रावळीवर आणखी एक पळी तूप सोडून ते पुढच्या माणसाला वाढायला गेले.