शेगड्यातली खाच

आमच्या मागच्या व्हरांड्यात सध्या अकरा शेगडे आहेत. शेगडा म्हणजे लोखंडी जबड्यात वस्तू घट्ट धरून ठेवायचं हत्यार. टेबलावर पक्का कसलेला असतो, समोरचा दांडा फिरवला की जबडा मिटतो. माझा दादा खमरियाच्या कारखान्यात फिटर होता, तो त्याला वाइस म्हणतो. भंगारवाला कबाडी बांक म्हणतो. मी आपली शेगडा म्हणते.

सत्तरी ओलांडलेल्या बाईनं जुने शेगडे गोळा करावेत हे लोकांना जरा जडच जातं. भाजीवाली एकदा आत डोकावली अन् म्हणाली, अम्मा, ये सब किसलिए? मी म्हटलं, कोणी मांजर पाळतं, कोणी पोपट, मी हे पाळते. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अकरा जबडे लोखंडाचे आहेत, ते गप्प असतात. बारावा बोलतो, तेवढंच ऐकून घ्यावं लागतं."

सुरुवात सदर बाजारातल्या एका कबाड्याकडून झाली. रद्दी द्यायला गेले होते. त्याच्या वजनकाट्याखाली टेकण म्हणून एक गंजलेला गोळा होता. वाकून पाहिलं तर दात दिसले. मी म्हटलं, भैया, हे काढून दे, काट्याखाली वीट ठेव. छोटासाच होता, पण ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणेपर्यंत साडीला गंजाचे डाग पडले ते आजतागायत गेले नाहीत.

मला कोणी काही शिकवलं नाही. काळ्या गुळाच्या पाण्यात गंजलेलं लोखंड बुडवून ठेवलं की गंज सुटतो, हे मला चुकून समजलं. गुळाच्या फुटक्या डब्याखाली पडलेला एक खिळा लख्ख निघाला होता. आता माझ्याकडे त्यासाठी वेगळी बादली आहे. पंधरा दिवस वास येतो, मुंग्या येतात, हे नाक धरून फिरतात. मग तारेचा ब्रश, मग रॉकेल, मग रंग. अडलं की दादाला फोन करायचा. तो आधी एकच विचारायचा, उघडून पाहिलंस काय? नाही म्हटलं की म्हणायचा, मग मला काहून विचारून राहिली? अन् ठेवून द्यायचा.

तर ही गोष्ट दादाची आहे. माझं त्यात निमित्त आहे, अन् चूकही माझीच.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. काचबिंदूनं त्याचे डोळे हळूहळू गेले. आता उजेड-सावली तेवढी कळते. त्याच्या घरामागे पत्र्याची शेड आहे अन् शेडमध्ये त्याचा शेगडा, जवानीत कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून आणलेला. रिटायर झाल्यावर त्या शेगड्यावर तो एकच काम करत आला. विळ्यांना धार लावायची.

इथे हिंदी मुलखात विळी फक्त आपल्या मराठी घरांत. गल्लीत चाक घेऊन धारवाला येतो, तो चाकू-कैची घेतो, पण विळी दाखवली की हात वर. एकानं मला सांगितलं, अम्माजी, ये पाट पे बैठा हुआ चाकू हमसे नहीं होगा. म्हणून सदरपासून खमरियापर्यंतच्या मराठी बायका पेपरात विळी गुंडाळून दादाकडे यायच्या. तो पैसे घेत नसे. वहिनी चहा करायची, बाई शेडच्या दारात स्टुलावर बसून घरचं-दारचं सांगायची, अन् दादा कानस चालवत हूं हूं करायचा. गौरी-महालक्ष्म्यांच्या आधी तर रांग लागायची. सोळा भाज्या चिरायच्या असतात ना, बोथट विळीवर कोण चिरेल?

डोळे गेले तसं दादाचं एकेक सुटत गेलं. पेपर सुटला, स्कूटर सुटली, एकट्यानं ग्वारीघाटावर जाणं सुटलं. विळी तेवढी राहिली, कारण तिला डोळे लागत नव्हते. अंगठ्यानं सगळं कळायचं त्याला. रोज सकाळी नऊ वाजता शर्ट घालून शेडमध्ये जायचा, ड्यूटीवर गेल्यासारखा.

गेल्या वर्षी वैशाखात त्याचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. मी ठरवलं, दादाला शाल नाही, श्रीफळ नाही, त्याचा शेगडा नवा करून द्यायचा. वहिनीला सामील केलं. दादा आठ दिवस मुलीकडे गेला होता, तेवढ्यात मी शेगडा खोलून घरी आणला. एवढ्या वेळात गुळाचं पाणी चालत नाही, तर नुसत्या ब्रशनं खरवडला. पन्नास वर्षांचं तेल अन् खंडेनवमीचं हळदी-कुंकू, थरावर थर. हात काळे झाले अन् नखं केशरी.

जबड्याला समोरासमोर दोन पोलादी पट्ट्या स्क्रूनं लावलेल्या असतात. वस्तू त्याच धरतात. दादाच्या शेगड्यातल्या पट्ट्या पार गुळगुळीत झालेल्या, अन् दोन्हींवर डाव्या अंगाला एकेक अर्धगोल खाच. मला वाटलं, कोण्या नवशिक्यानं कानस चुकवली असेल. माझ्या हातून गेलेल्या शेगड्यात अशी खाच राहून कशी चालेल? लेथवाल्याकडे घेऊन गेले, म्हटलं ह्याच मापाच्या नवीन करून दे, बिनखाचेच्या, चांगले दात पाडून, कडक पाणी देऊन. पाणी देणं म्हणजे तापवून विझवायचं, म्हणजे पोलाद टणक होतं. त्यानं जुनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"अम्मा, ये तो किसी ने जानबूझकर काटी है," तो म्हणाला.

मी म्हटलं, तू बनव. अन् जुन्या पट्ट्या तिथेच त्याच्या भंगाराच्या डब्यात टाकून आले. हे लिहिताना अजूनही जिवाला लागतं.

कार्यक्रम छान झाला. शेगड्याला मी रंग दिला होता, हार घातला होता. सगळे म्हणाले, वा, शोरूममधून आणल्यासारखा दिसतो. दादाचा हात धरून मी त्याला तिथवर नेलं. त्यानं तळवा फिरवला, दांडा फिरवला, जबडा उघडला, मिटला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, छान केलंस. मी आठ दिवस हवेत होते.

आषाढात वहिनीचा फोन आला. म्हणाली, अगं, हे शेडमध्ये जातच नाहीत. बाई विळी घेऊन आली की सांगतात, आता होत नाही, वय झालं. एक तर चार बस बदलून आली होती, तशीच गेली. दिवसभर पलंगावर पडून असतात. शर्टसुद्धा घालत नाहीत, बनियनवर बसतात. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? तर म्हणे डॉक्टर म्हणतो काही झालं नाही. खाणं कमी झालंय. काही विचारलं की भिंतीकडे तोंड करतात.

माझ्या मनात शेगड्याचं काही आलंच नाही. मला वाटलं, ऐंशी झाली, आता असंच असतं. आमचे हे म्हणाले, जाऊन ये एकदा. मी म्हटलं, राखीला जाईनच.

राखीच्या दिवशी गेले. जाताना काय सुचलं कोणास ठाऊक, आपली विळी पिशवीत टाकली. दादा खरंच बनियनवर बसला होता. राखी बांधली, ओवाळलं. त्यानं उशीखालून पाकीट काढलं, वहिनीनं भरून ठेवलेलं. मी ते परत त्याच्या हातात दिलं.

"पाकीट नको," मी म्हटलं. "ओवाळणी म्हणून माझ्या विळीला धार लावून दे. महालक्ष्म्या तोंडावर आल्या."

बहिणीनं ओवाळणी मागितली तर भाऊ नाही कसं म्हणणार? त्यानं पाकीट परत उशीखाली सरकवलं. मग वहिनीला म्हणाला, शर्ट दे.

शेडमध्ये मी विळी त्याच्या हातात दिली. माझी विळी घडीची, हल्ली बहुतेकींची असते तशी. अशा विळीचं पातं जिथे दुमडतं तिथे बुडाशी एक जाड रिबीट असतं, दोन्ही बाजूंनी बटणासारखं बाहेर आलेलं. दादानं पातं शेगड्यात उभं केलं अन् दांडा फिरवला. पातं हललं. पुन्हा लावलं, पुन्हा हललं. रिबीट मध्ये येत होतं, पट्ट्या पात्याला टेकतच नव्हत्या. त्यानं तिरपं करून कसलं, दोन हात कानस मारली, तर पातं सर्रकन फिरलं अन् त्याच्या बोटाजवळून गेलं. त्याचा अंगठा जबड्यावरून डावीकडे गेला, तिथे थांबला अन् पट्टीवर तिथल्या तिथे फिरत राहिला. अंधारात उंबरठा चाचपावा तसा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिबीट त्या खाचेत बसायचं. खाचेत बसलं की पातं दरवेळी त्याच जागी, त्याच तिरकसपणानं उभं राहायचं, अन् आंधळ्या माणसाच्या हाताला कळायचं की कानस कुठून कुठे न्यायची. ती खाच म्हणजे दादाचे डोळे होते. अन् मी, मराठी घरातली बाई, साठ वर्षं विळीवर बसलेली, मला ते दिसलं नाही.

"दादा, इथे खाच होती ना?"

"होती."

"तू पाडली होतीस?"

"मग काय उंदरानं पाडली?"

"अन् सांगितलं काहून नाही? चार महिने पलंगावर पडून राहिलास."

तो कानस पुसत राहिला. मग म्हणाला, "तू इतक्या हौसेनं केलं होतंस. लोक वा वा करून राहिले होते. त्यात मी काय म्हणू, माझी खाच दे?"

वहिनी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण आवाज आलाच. हसली की रडली ते मी वळून पाहिलं नाही. मी स्क्रू खोलायला बसले होते.

जुन्या पट्ट्या कधीच वितळून गेल्या असणार. नव्या पट्ट्यांवर कानस चालेना. कडक पाणी दिलं होतं ना, मीच सांगून दिलं होतं. कानस नुसती घसरायची. दादा म्हणाला, पाणी उतरवावं लागेल. लाल होईपर्यंत तापव, मग राखेत गाड, अन् घाई करू नको, पूर्ण थंड होऊ दे. हात लावून पाहायचा मोह होईल, लावू नको.

पट्ट्या घरी आणल्या. आमची कोळशाची सिगडी माळ्यावर पडली होती, ती यांनी उतरवून दिली अन् स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. पट्ट्या पिकल्या टमाट्यासारख्या लाल झाल्या तशा चिमट्यानं उचलून राखेच्या डब्यात गाडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारीच उघडल्या. कानस लावली तर आता ती धरू लागली, पिठासारखा भुगा पडला. मी यांना म्हटलं, पाहिलंत? हे म्हणाले, पाहिलं, आता माझे डोळे धुवायला पाणी दे.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या, गोल कानस अन् सदरच्या कबाड्याकडचा तो पहिला छोटा शेगडा, सगळं पिशवीत घालून ऑटोनं दादाकडे गेले. छोटा शेगडा त्याच्या टेबलावर कसला, एक पट्टी त्यात धरली. मी मोजपट्टी काढली तर दादा म्हणाला, ठेव ती. डाव्या काठाला तीन बोटं लावली, चौथ्या बोटाच्या जागी नखानं ओरखडा काढला.

"इथे. कानस दे."

मला वाटलं होतं मी करीन, तो सांगेल. पण त्यानं मला हातच लावू दिला नाही. मी फक्त विळी धरून उभी. पाच-सहा हात मारायचा, फुंकर घालायचा, अंगठा फिरवायचा, मग माझ्याकडे हात पसरायचा. मी विळी द्यायची. तो रिबीट टेकवून पाहायचा, परत द्यायचा. अजून दोन हात. अजून एक. दुसऱ्या पट्टीला तेवढाच वेळ लागला. वहिनी दोनदा चहा ठेवून गेली, दोनदा निवून गेला. नव्या दातांची टोकंही त्यानं घासून मारली. मी विचारलं, पाणी परत द्यायचं काय? तो म्हणाला, विळीला मऊ जबडाच बरा, तुझ्यासारखा कडक नको.

पट्ट्या शेगड्याला लावल्या. विळी उभी केली. रिबीट टक्कन आत बसलं. तो आवाज मला ऐकू आला, अन् दादाचा खांदा खाली आला तेही दिसलं. मग कानस लागली. सर्र, सर्र, एका लयीत. मी स्टुलावर बसले. आमच्या भाजीवालीचं, यांच्या डोळ्यांत गेलेल्या राखेचं, सुनेच्या बदलीचं, सगळं सांगत सुटले. तो हूं हूं करत होता.

धार झाल्यावर अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून पाहिलं. शेगड्यावर हात थोपटला अन् विचारलं, "रंग कोणता दिला होतास याला?"

चार महिन्यांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"पोपटी," मी म्हटलं.

"पोपटी?" तो म्हणाला. "मग बरं आहे, मला दिसत नाही."

वहिनीनं त्याच संध्याकाळी चार बस बदलून आलेल्या बाईला फोन लावला. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा शेडच्या भिंतीला सात विळ्या पेपरात गुंडाळून ओळीनं उभ्या होत्या, अन् दादा शर्ट घालून होता. मला बसायला जागा नव्हती. स्टुलावर दुसरीच बाई बसून तिच्या सासूचं सांगत होती.