मुळं छाटणारी बाई

डिचोलीत भाड्याचं घर बघायला गेले, तेव्हा आधीचं भाडेकरू जोडपं सामान टेम्पोत चढवत होतं. खाणी बंद पडल्या होत्या. त्यातला नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा. आता काम गेल्यावर दोघं सावंतवाडीकडच्या आपल्या गावी परत निघाली होती. त्या बाईला मी तेवढंच एकदा पाहिलं.

व्हरांड्यात ती रबराच्या झाडापुढे बसली होती. बाहेरच्या खोलीत वाढून वाढून ते छताला टेकलं होतं आणि टेम्पोत मावत नव्हतं. शेंडा तिने आधीच छाटला होता, तिथून पांढरा चीक गळत होता. कुंडी आडवी करून, थोपटून तिने झाड बाहेर ओढलं. मुळांनी गोल फिरून फिरून कुंडीचाच आकार घेतला होता. बाहेरची जाड मुळं ती सुरीने कापायची, आतली बारीक मात्र बोटांनी हळूहळू मोकळी करायची. नवरा पायरीवर पाठमोरा बसून होता.

"जगेल का हो?" मी विचारलं.

"जगतला बाय. पानां गळतली, थोडे दिस गप ऱ्हवतला. नवी मुळां येयपर्यंत तेका कोणी काय विचारूचा नाय."

बोलताना ती झाडाकडे बघत नव्हती, पायरीकडे बघत होती.

लहान कुंडीत झाड बसवून तिने माती दाबली, पाणी घातलं. ती कुंडी उचलायला वाकली, तसा नवरा उठला.

"माज्याकडे दी," एवढंच म्हणाला, आणि पुढच्या सीटवर कुंडी मांडीवर घेऊन बसला. तिने पदराला हात पुसले आणि त्याच्या शेजारी चढून बसली.