शेंदऱ्या आंबा आणि दोन कार्डं

आंबा खाताना माझ्या डोक्यावर कावळा बसला, आणि रीतीप्रमाणे मला मरावं लागलं.

तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आम्ही नांदेडला राहायचो. वडील, म्हणजे नाना, अदालतीत कारकून. निजामाचं राज्य उतरणीला लागलं होतं (हे आम्हाला नंतर कळलं, तेव्हा वाटायचं, आपणच उतरणीला लागलोय). गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून सोलापूरकडं गेलेली. रझाकारांच्या धास्तीनं दिवेलागणीच्या आत दारं लागायची आणि मोठी माणसं आपल्याच घरात कुजबुजत बोलायची. आम्हा पोरांना त्या उन्हाळ्यात सुख असं एकच होतं, देवणीच्या मामाच्या शेतातला शेंदऱ्या आंबा. मामाला मूलबाळ नव्हतं. झाडाला पाड लागला की पहिली पाटी आमच्याकडं यायची.

आंबे खायची आमच्याकडं शिस्त होती. आई आमचे कपडे काढायची, लंगोटीवर अंगणात बसवायची आणि मग आमच्याकडं बघायचीच नाही! शेंदऱ्या चोखायचा आंबा. देठाशी दात लावला की पहिली पिचकारी आपल्या डोळ्यात, दुसरी धाकट्या शकूच्या केसांत. रस कोपरापर्यंत ओघळायचा, मग कोपरापासून वर चाटत यायचं. कोय पांढरी पडेपर्यंत सोडायची नाही. त्या दिवशी सातवा आंबा संपवून मी हात डोक्याला पुसले, आठव्याला हात घातला, आणि एका कावळ्यानं मलाच आंबा समजून टाळूवर बैठक मारली!

आत्या किंचाळली. आत्या नानांची थोरली बहीण, विधवा, आमच्याकडंच असायची. नाना अदालतीत नोकरीला होते, पण घरातली अदालत ती.

"नाना, पोराच्या डोक्यावर कावळा बसला! मेल्याचं पत्र धाड आधी!"

जित्या माणसाच्या डोक्यावर कावळा बसला की ती मरणाची वर्दी. उतारा एकच. तो माणूस गेला, असं खोटंच नात्यात कळवायचं. ते लोक रडले की मरण फसतं आणि आल्या पावली परत जातं. मग लगोलग 'खुशाल आहे' असं दुसरं पत्र टाकायचं.

"अक्का, दिवस कसले अन् तू काय बोलून राहिलीस?" नाना वैतागले. "खऱ्या मरणाची पत्रं कमी हायेत का?"

"म्हणूनच तर! खरं यायच्या आत खोटं धाड!"

नानांनी कार्डं काढली. आता रडणार कोण, एवढाच प्रश्न उरला.

"धाकट्या भावाला लिहू?"

"तो? वाटणीपासून बोलत न्हाई. पेढे वाटील!"

शेवटी मामा ठरला. आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "दादाला नका हो लिहू. त्याला सोसायचं न्हाई."

"सोसायचं न्हाई म्हणूनच त्याला!" आत्यानं निकाल दिला.

नानांनी एका बैठकीत दोन्ही कार्डं लिहिली. कारण दिल्याशिवाय कागद पुरा करणं त्यांना जमत नसे, म्हणून पहिल्यात लिहिलं, 'चि. गंगाधर शेंदऱ्या आंबा खाता खाता गेला.' ते लगेच डाकेत पडलं. दुसरं, 'गंगाधर खुशाल आहे', दुसऱ्या दिवशी टाकायला कोनाड्यात ठेवलं.

आपण खुशाल आहोत हे लेखी बघावं, असं मला वाटलं. (मेलेल्या माणसाला वाटणारच!) हातात अर्थातच आंबा होता. पत्त्यावर रसाचा थेंब पडला. तो मी तळव्यानं पुसला. तळवा थेंबापेक्षा वाईट होता! आधी देवणी गेली, मग तालुका, मग मामा. मागची खुशाली तेवढी शाबूत राहिली. ती कुणाला कळवायची हेच उरलं नाही. मी कार्ड लंगोटीला पुसून पालथं ठेवलं आणि नानांनी घाईत ते तसंच डाकेत टाकलं. सांगावं असं दहादा वाटलं. पण सांगितलं असतं तर नानांनी मारलं असतं, आणि मी नुकताच एकदा मेलो होतो.

आठव्या दिवशी मामा दारात उभा! उदगीरहून रेल्वेनं आलेला, ज्या दिवसांत रेल्वेनं कुणी जात नव्हतं तेव्हा. डोक्याला पटका नाही, पायात वहाणा नाहीत, दाढी वाढलेली. मी आंबा खात होतो. "मामा!" म्हणून पिवळ्याधमक हातांनी धावलो. तो माझं डोकं, तोंड, हात चाचपत राहिला आणि मग मला घेऊनच खाली बसला.

"जितं हाय! माझं लेकरू जितं हाय!"

"दुसरं कार्ड मिळालं न्हाई का?" नाना घाबरून म्हणाले.

"कंचं दुसरं?"

"ह्या राज्यात आता डाकबी मेली!" नाना कडाडले. मी जोरात मान हलवली.

आत्या मात्र खूश. "बघा, उतारा लागू पडला!"

आईनं मामापुढं पाणी ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "दादा, औंदा आंबा लई गोड निघाला."

मामा जमिनीकडं बघत म्हणाला, "आता न्हाई यायचा. तोडला म्या. ज्यानं माझं लेकरू खाल्लं त्याला उभा कसा ठिवू? पाडासगट तोडला."

आढीत अकरा आंबे उरले होते. मला फार लाज वाटली, पण मी ते खाल्ले. शेवटचा तर अंगभर कपडे घालून, एक थेंब न सांडता खाल्ला. तसा आंबा बेचव लागतो.

पत्ता मी पुसला, हे मामाला सांगायचं होतं. राज्य बदललं, मला नोकरी लागली, माझी पोरं आंब्यानं माखायला लागली, तरी धीर झाला नाही. मग देवणीहून एक कार्ड आलं. मामा गेला.

मी बायकोला म्हणालो, "थांब, रडू नको. उद्या दुसरं येईल." आणि दोन दिवस डाकवाल्याची वाट बघत ओट्यावर बसलो! दुसरं कार्ड काही आलं नाही. लिहिलं असेल हो. कुण्या गधड्या पोरानं आंब्याच्या हातानं पत्ता पुसला असेल!