परत आलेली ओटी

भुताखेतांच्या, साक्षात्काराच्या गोष्टी निघाल्या की मी हळूच विषय बदलायचो. विमा कंपनीत क्लेम तपासायची माझी नोकरी... म्हणजे लोकांच्या सांगण्यावर सहजासहजी विश्वास न ठेवण्याचाच पगार. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली, डोक्यातून जातच नाही.

२००५ च्या सुमारास माझी बदली जयपूरला झाली. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, मी आणि आई. आई जिथे, तिथेच माहेर, म्हणून ताई सातव्या महिन्यात सांगलीहून इकडे आली. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. इथे आल्यावर डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केली होती. भीतीपोटी आईने तिची ओटीसुद्धा भरली नव्हती. "आधी देवीची भरते, मग तिची," म्हणायची.

लांब जायला नको म्हणून आईने गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखालचं ठिकाण हेरलं. चौथरा, त्यावर जरीच्या किनारीचं हिरवंगार वस्त्र, गुलाबाच्या पाकळ्या, उदबत्त्या. शेजारच्या भाभीजी येताजाता तिथे हात जोडायच्या. आईला तो देवीचा हिरवा शालूच वाटला! एका सकाळी तिने तिथे खण, नारळ, तांदूळ ठेवले. मी मागे स्कूटरला टेकून उभा.

तिथली देखभाल करणारे चाचा लगबगीने आले.

"माँजी, ये तो पीर बाबा की मज़ार है. यहाँ चादर चढ़ती है, चोली का कपड़ा नहीं."

"पर वो भाभीजी रोज़ हाथ जोड़ती हैं..."

"वो तो सब जोड़ते हैं, माँजी."

अदबीने सगळं उचलून त्यांनी आईच्या हातात दिलं. मला हसू आवरेना. आईचा चेहरा मात्र पार उतरला. "भरलेली ओटी परत आली रे," एवढंच म्हणाली. घरी येऊन तिने सगळं रुमालात बांधून कपाटात दडवलं आणि ताईला अवाक्षरही सांगायचं नाही असं बजावलं. "अगं, पत्ता चुकला, बाकी काही नाही," मी म्हटलं.

दुपारी ताई म्हणाली, "अरे, सकाळपासून बाळ हललं नाही..."

मी टॅक्सी आणायला पळालो. परतलो तेव्हा कडी आईनेच आतून काढली. मी गेल्यापासून ती बाहेरच्या खोलीत डॉक्टरांशी फोनवर बोलत होती, आणि ताईच्या खोलीला दार एकच, याच खोलीत उघडणारं. आत गेलो तर ताई उठून बसलेली. मांडीवर ओढणी पसरलेली... आणि तिच्यात तांदूळ, गुलाबाच्या पाकळ्या.

"हलतंय," ती म्हणाली. "त्या बाई गेल्या का रे? 'झोली फैला, बेटी' म्हणाल्या आणि ओटी भरली."

आईने धावत जाऊन कपाट उघडलं. रुमालाची गाठही सुटलेली नव्हती. तांदूळ, नारळ, सगळं जागच्या जागी.

हॉस्पिटलात ठोके व्यवस्थित निघाले. पुढे दिवस भरून मुलगी झाली. मी मात्र क्लेम तपासावा तसा शोध घेतला... खिडक्यांना जाळ्या, जिन्यात कुणी दिसलं नव्हतं, मजारीवर कुणी बाई राहत नव्हती. ताईला भास झाला म्हणावं, तर ते तांदूळ मी स्वतः चिमटीत धरून पाहिले होते. आई म्हणते देवी आली. भाभीजी म्हणतात, घरातल्या कुणी पितराणी, म्हणजे वारलेल्या पूर्वज बाई, असतील. चाचांच्या मते बाबांची दुआ. ज्याला त्याला आपापलं उत्तर मिळालं. मलाच नाही, अजूनही नाही.

त्यात मागच्या वर्षी, भाचीच्या वाढदिवशी भांडी आवरताना, ताईने मला इतकी वर्षं न सांगितलेलं सांगितलं. ओटी भरून झाल्यावर ती बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होती, "वो दोनों मेरे पास हैं. इसे तू सँभाल."

घरात बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण ताई त्या दोघांसाठी रडायची थांबली ती त्याच दुपारपासून.