आयोडीनच्या गोळीनंतर फुटलेली माया

आमचे हे बसमध्ये तिकीट तपासायचे. अख्खा डेपो यांना चेकरसाहेब म्हणायचा, आणि घरातही तोच रुबाब. तिकिटापेक्षा एक थांबा पुढे गेलेल्या म्हातारीलाही यांनी कधी सोडलं नाही. नियम म्हणजे नियम! दोन पोरं झाली, पण एकालाही मांडीवर घेतलं नाही. शर्टाची इस्त्री मोडते ना!

मध्यंतरी यांच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली. गाठीचं उरलंसुरलं मारायला दवाखान्यात किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. घरी सोडताना नर्सबाईंनी नीट समजावलं. औषध यांच्या भल्याचंच, पण काही दिवस अंगातून किरण निघत राहणार. झोपायची खोली वेगळी, टॉवेल वेगळा, संडासात दोनदा पाणी. आणि लहान मुलं, गरोदर बायका यांच्यापासून लांबच राहायचं. तान्ह्या बाळाचा गळा कोवळा, त्याला हे किरण बाधतात. हे आपले नंदीबैलासारखे मान डोलावत होते.

आणि घरी आल्यावर या माणसाला मायेचा पाझर फुटला! माझ्या पाठीमागे मुलीला फोन केला, "एकदा नातीला बघू दे गं, माझा काय भरवसा!" गोळीचं अवाक्षर नाही. पोरगी बिचारी धावत आली. मी भाजी घेऊन घरात शिरते तर ती यांच्या खोलीच्या दारात, बाळ कडेवर, आणि हे हात पसरून, "आण, आण माझं सोनं!"

पिशवी तिथंच टाकली आणि मायलेकींना मागे ओढलं.

"अगं, आजोबा आहे मी तिचा! माझ्या मायेनं काय होणार आहे तिला?"

"मायेनं काही होत नाही हो, गोळीनं होतं! जन्मभर लोकांना नियम शिकवलेत, आता एक पाळा की! जनाची नाही, मनाची तरी ठेवा!"

सगळं ऐकल्यावर लेक पांढरीफटक पडली. आल्या पावली परत गेली. हे भिंतीकडे तोंड करून बसले. म्हटलं, रुसा खुशाल.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात यंत्र लावून किरण मोजले, डॉक्टर आता हरकत नाही म्हणाले. मीच लेकीला बोलावून घेतलं. वाटलं, चला, उशिरा का होईना, सुचलं माणसाला. तिनं बाळ यांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं कॉलर मुठीत धरली.

"अगं, घे हिला. इस्त्री मोडतेय."

लेकीनं बाळ उचललं आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "आई, मला तरी कधी घेतलं होतं का गं बाबांनी?"

"नाही," मी म्हणाले. "आणि तेव्हा तर गोळीही नव्हती."