जाईबाईची साक्ष

जाईबाई हिंगणघाटच्या बाजूची. मान खाली घालून चालणं तिच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्या घरातलं माणूस कुणाच्या पायावर वाकलं नाही. कापूस वेचून तिनं पोराला, राकेशला, शिकवलं, तेही कुणापुढं हात न पसरता.

राकेश इंजिनीयर झाला आणि अमेरिकेत ॲरिझोनातल्या चँडलर गावी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागला. सत्त्याण्णव साली त्यानं आईला बोलावून घेतलं. तिथलं ऊन आपल्या वैशाखाला लाजवील असं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. जाईबाई म्हणायची, "घरं एवढी मोठी, अन् माणसं कुठं ठेवली यांनी?"

त्याच उन्हाळ्यात राकेशला झोप येईनाशी झाली. तो टेलिफोनची वायर उपटून ठेवी. कारखान्यातली माणसं आपलं बोलणं चोरून ऐकतात म्हणे. जेवणाचं ताट आधी दुसऱ्यानं चाखून दाखवावं लागे. त्याची बायको भावना विचारणाऱ्याला सांगे, "कामाचं टेन्शन आहे हो, बाकी काही नाही." आजाराचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

एका दुपारी तो अनवाणी रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि बंद घरांकडे बघून ओरडू लागला. कुणीतरी पोलिसांना फोन केला. गाडीतून दोघं उतरले. त्यातल्या उंच पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. तो इंग्रजीत ओरडून काहीतरी सांगत होता. जाईबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तो हात कळला. पोलीस वस्तीत शिरले की म्हातारी माणसं काय करायची, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. जन्मभर जे तोंडातून आलं नाही ते आलं.

"राकेश, पाय धर त्यांचे! माफी माग!"

महिनाभर कुणाचं न ऐकणाऱ्या पोरानं मायचं ऐकलं. झेप घेऊन त्यानं पोलिसाचे दोन्ही पाय मिठीत घेतले. पोलीस धाडकन रस्त्यावर पडला. दुसऱ्यानं राकेशच्या पाठीवर गुडघा रोवून बेड्या घातल्या. पोलिसावर हल्ला केल्याचा गुन्हा लागला.

तुरुंगात तो जेवेना. कोर्टानं दिलेली वकीलबाई घरी आली. तिनं भावनाला समजावलं, की हा माणूस आजारी असेल आणि ते पुढं आलं, तर जज त्याला इस्पितळात पाठवू शकतात. नाहीतर शिक्षा अटळ.

वकीलबाई गेल्यावर भावना रडायला लागली. "आई, कंपनीत कळलं तर जॉब जाईल. जॉब गेला की व्हिसा गेला. लोक मेंटल म्हणतील त्याला."

"अन् आता काय म्हणतात? गुंड म्हणतात. ते बरं वाटते तुला?"

"तुम्हाला इथलं कळत नाही, आई."

"इथलं नाही कळत. माझं पोरगं कळते. ते आजारी आहे, पोरी. मी बोलणार."

कोर्टात पुण्याकडच्या एक बाई दुभाषी म्हणून आल्या होत्या. जाईबाई उभी राहिली.

"साहेब, पाय धर म्हणून मी सांगितलं. आमच्याकडं ज्याची भीती वाटते त्याचे पाय धरतात. मारायला नाही, वाचवा म्हणायला. मी स्वतः कधी धरले नाहीत, अन् पोराला धरायला लावले. चूक माझी. पण त्याचं डोकं ठिकाणावर नाही, हेही खरं. दोन महिने झाले. आम्ही झाकून ठेवलं."

दुभाषी बाई मध्येच अडखळल्या. जजनी चष्मा काढला आणि त्या उंच पोलिसाला विचारलं, "तुम्हाला त्या वेळी काय वाटलं?"

पोलिसानं जाईबाईकडं पाहिलं. मग म्हणाला, "तो माझं पिस्तूल ओढतोय असं वाटलं. पण त्याचे हात वर आलेच नाहीत. त्यानं कपाळ माझ्या बुटाला टेकवलं होतं आणि तो रडत होता. रिपोर्टात मी ते लिहायला हवं होतं."

मागच्या बाकावरून भावना उठली. कुणी विचारलं नव्हतं, तरी ती इंग्रजीत म्हणाली, "माझ्या सासूबाई खरं बोलताहेत. मी वकिलांपासूनही लपवत होते."

जजनी खटला वर्षभर बाजूला ठेवला. राकेशनं इस्पितळात जायचं, औषध घ्यायचं, दर महिन्याला कोर्टात येऊन भेटायचं. वर्ष नीट गेलं तर गुन्हा काढून टाकू म्हणाले.

औषधानं राकेश सुस्तावला, पोट सुटलं, हात थरथरायचे. एकदा गोळ्या बंद करून बसला, तेव्हा पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. सगळं सरळ झालं नाही. पण कंपनीनं रजा दिली, आणि थंडी पडली तेव्हा तो आपल्या हातानं ताट वाढून, कुणाला चाखायला न लावता जेवू लागला.

एकदा फोन वाजला. भावनाच्या ओळखीची कुणी होती. जाईबाई भाजी निवडत ऐकत होती.

"हो, मानसिक आजार आहे त्याला," भावना म्हणाली. "टेन्शन नव्हे गं, आजार. औषध चालू आहे. या ना शनिवारी जेवायला. फक्त लवकर या यार, त्या गोळ्यांनी तो आठलाच घोरायला लागतो."

आतून राकेशचा आवाज आला, "मी घोरत नाही!"

"घोरतोस," दोघी एकदम म्हणाल्या.