चौघांची गाडी, चार टायर आणि कन्नडचा घाट

गाडी एकाची असेल ना, तर तिचे किस्से होत नाहीत, नुसता खर्च होतो. आमची गाडी चौघांची! त्यामुळे इतके किस्से साचलेत की धुळ्यात कोणी नुसतं "गाडी कशी आहे?" विचारलं तरी माझं तोंड सुरू होतं. आता हसत सांगतो, पण तेव्हा हसायची सोय नव्हती. कारण त्या चौघांपैकी लायसन कोणाकडेच नाही. लायसन माझ्याकडे!

चौघं म्हणजे माझे काका नाना, कापसाचे दलाल. समोरचे कापडवाले शेठजी. जमिनीचे दावे चालवणारे वकीलसाहेब. आणि नानांच्या गावचे शेतकरी आबा, बोलणं पक्कं अहिराणी. चौघांनी मिळून जुनी अँबेसेडर घेतली. पुढे नानांच्या मुलाचा, प्रकाशचा साखरपुडा ठरला औरंगाबादला. म्हणजे कन्नडचा घाट चढून जायचं! आणि टायर? चारही गुळगुळीत. हात फिरवला की शेठजींच्या टकलावरून फिरवल्यासारखं वाटायचं.

मी म्हटलं, "नाना, या टायरवर मी घाट चढणार नाही. सरळ सांगतो."

नाना म्हणाले, "मग बदलू की! त्यात काय?"

त्यात काय, ते ऐका.

*

तोडगा शेठजींनी काढला. "भांडण नको. चार भागीदार, चार चाकं. ज्यानं त्यानं आपापलं चाक बघायचं."

लगेच चिठ्ठ्या टाकल्या. नाना आणि वकीलसाहेब पुढे, शेठजी आणि आबा मागे.

मी विचारलं, "आणि स्टेपनी कोणाची?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "ती सामाईक."

सामाईक म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. ती शेवटपर्यंत पंक्चरच राहिली!

*

टायर घ्यायला शेठजी मला आग्रा रोडवर घेऊन गेले. नवा टायर तेव्हा सहज मिळत नव्हता. दुकानदारानं मोठ्या मेहेरबानीनं एक आतून काढला. शेठजींनी काय करावं? टायरची कड अंगठ्यात आणि बोटात धरून चोळली. वास घेतला. मग म्हणाले, "जरा उजेडात आणा."

उजेडात आणला.

"रंग जाणार नाही ना?"

दुकानदार म्हणाला, "शेठजी, रंग नाही जाणार. नक्षी जाईल."

"जाऊ द्या," शेठजी म्हणाले. "नक्षी खालच्या अंगाला आहे. कोण बघतंय!"

*

वकीलसाहेबांनी रिमोल्ड आणला. म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेलं. आणि त्यांचं चाक पुढचं! माझी झोप उडाली.

"साहेब, पुढे रिमोल्ड नको हो. घाटात रबर सुटलं तर स्टिअरिंग माझ्या हातात राहणार नाही!"

"सुटेल याला पुरावा काय?"

"सुटलं की मिळेल!"

"मग तेव्हा दाखल कर."

*

आबा सगळ्यांत खुशीत होते. एस.टी.च्या टपावर टाकून गावाकडून टायर घेऊन आले. काय टायर होता! ही एवढी नक्षी. पण जीपचा.

मिस्त्रीनं तो चाकाला लावून बघितला, फिरवून बघितला, खाली ठेवला. "आबा, हा मोठा आहे. या गाडीला बसत नाही."

आबांनी टायरकडे बघितलं. गाडीकडे बघितलं.

"टायर एक नंबर शे," ते म्हणाले. "गाडी बदला!"

गाडी बदलली नाही. टायर आबांच्या बैलगाडीला गेला आणि आमच्या मागच्या चाकाला जुनंच टक्कल राहिलं.

*

मग आला विमा. तो संपत आलेला. जळगावचे एजंट आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तोंडातलं पान चावायचे थांबले.

"फुल विमा घ्या," ते म्हणाले. "माझं ऐका."

"स्वस्तातला कोणता?" शेठजी.

"थर्ड पार्टी. पण त्यात तुमच्या गाडीनं बाहेरच्या माणसाला धडक दिली तरच भरपाई."

शेठजींनी पटकन मान हलवली. तोच घ्यायचं ठरलं. मला राहवेना. "अहो, पण आत बसलेल्यांचं काय?"

एजंट गाडीत डोकावले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत बसलेल्यांनी नीट बसायचं!"

*

निघालो. बायका आणि प्रकाश आदल्या दिवशीच एस.टी.नं पुढे गेले होते. त्यांनी गाडी बघितली होती ना!

चाळीसगावला चहाला थांबलो. मी खाली वाकून बघतो तर नानांच्या टायरला सुपारीएवढा फुगा. नानांनी टायर ओळखीतून घेतला होता, म्हणून त्याला कोणी काही बोलायचं नाही! स्टेपनी पंक्चर. पण मुहूर्त गाठायचा होता. नवऱ्या मुलाचे वडीलच पोचले नाहीत तर काय तोंड दाखवायचं?

घाट लागला. पहिला गिअर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मी बघतच नव्हतो. मागून ट्रक हॉर्न देतोय. आत चौघांच्याही मांडीवर साखरपुड्याची ताटं घट्ट धरलेली.

एकदम आबा ओरडले, "भाऊ, गाडी थांबाड!"

मला वाटलं, टायर गेला! कडेला घेतली. आबांनी ताट सीटवर ठेवलं, धोतर सावरलं, उतरले आणि गाडीपुढे चालायला लागले.

नाना ओरडले, "आबा, काय झालं? उलटी होतेय का?"

आबा वळले. "इमा बाहेरना माणूसले शे ना? मंग मी बाहेर चालस!"

गाडीत कोणी हसलं नाही. शेठजींनी वकीलसाहेबांकडे बघितलं. वकीलसाहेबांनी थोडा विचार केला.

"मुद्दा लढवण्यासारखा आहे," ते म्हणाले आणि दार उघडलं. त्यांच्या मागोमाग शेठजी.

राहिलो मी आणि नाना. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, काका तो काका! मग त्यांनी आपलं ताट माझ्या शेजारी ठेवलं आणि तेही उतरले.

पुढे रस्त्यात चौघं रांगेत चाललेले. मागे मी, चार ताटं आणि तो फुगा. पहिल्या वळणावर नाना थांबले, खिडकीशी आले आणि अगदी मायेनं म्हणाले,

"सुध्या, सांभाळून ये रे. आमची काळजी करू नकोस, आम्हाला धक्का लागला तरी विमा आहे. आत तू एकटाच आहेस!"